सहा नंबरची डबी

माझा हात चालतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज नको. घरात मी आजवर दोन मिक्सर आणि एक इस्त्री आपटून फोडली आहे. रिक्षावाल्याची कॉलर धरली आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीच्या अंगावर धावून गेले आहे, तेही पार्किंगच्या एका पांढऱ्या पट्ट्यावरून. माझा नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलं की मी गॅलरीत जातो, तिथून निदान पळता येतं. आम्ही सानपाड्यात चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरीतून तो कुठे पळणार देव जाणे. पण तो जातो खरा.

मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रिले डिझाईन करते. पंचवीस वर्षं झाली. लग्नाकार्यात कोणी विचारलं काय करता, आणि मी रिले म्हटलं, की लोक 'हो का, छान छान' म्हणतात आणि जिलबीच्या ताटाकडे वळतात. मला त्याचाही राग येतो. अरे, ऐकून तरी घ्या!

रिले म्हणजे काय, तर लांबून दाबलेलं बटण. तारेच्या गुंडाळीत थोडा करंट सोडला की तिचं चुंबक होतं. ते चुंबक लोखंडाच्या दांड्याला खेचतं, दांड्यावर बसवलेली तांब्याची पट्टी जाऊन दोन टोकांना भिडते, आणि त्या टोकांमधून मोठा करंट वाहायला लागतो. गुंडाळी बंद केली की स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते, करंट तुटतो. एवढंच. आमचे रिले विजेवर चालणाऱ्या बसमध्ये बसतात, बॅटरी आणि मोटर यांच्या मधोमध. शेकडो व्होल्ट, शेकडो अँपिअर, आणि तोही बॅटरीचा सरळ करंट, घरातल्यासारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन दम खाणारा नाही.

जोडायला काही लागत नाही. तोडताना खरा तमाशा. पट्टी टोकापासून केसभर सुटते आणि करंट थांबायचं नावच घेत नाही. मधल्या फटीत जाळ पेटतो. ठिणगी नव्हे, ठिणग्या दिवाळीत. हा निळा-पांढरा जाळ, ज्यात तांबं वितळत नाही, उकळतं. तो एका क्षणात मारावा लागतो, नाहीतर तो सगळ्यांना मारतो. म्हणून ही पट्टी आणि टोकं आम्ही एका पांढऱ्या सिरॅमिकच्या भांड्यात कोंडतो. भांड्याच्या काठाला धातूची कड असते, ती वेल्डिंगने बंद करतो, आतली हवा खेचून काढतो आणि हायड्रोजन भरतो, कारण हायड्रोजन जाळाची उष्णता भराभर ओढून घेतो. भांड्याच्या दोन बाजूंना चुंबकं लावतो. ती जाळाला धरून बाहेरच्या बाजूला ताणतात, इतकं ताणतात की तो तुटतो. फक्त एक गोष्ट सांभाळायची: लाल तार लालच्या जागी, काळी काळीच्या. उलटं झालं तर तीच चुंबकं जाळाला आत ढकलतात आणि भांडं फुटतं. त्या बंद भांड्याला आमच्याकडे सगळे डबी म्हणतात.

खरं सांगू? मला हे काम त्या जाळामुळेच आवडतं. चाचणीच्या वेळी डबीच्या आत तो कसा गुरगुरतो आणि मरतो, ते कॅमेऱ्यात पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. इतकी वर्षं झाली, अजून येतो. माझ्यासारखंच कोणीतरी आत कोंडलंय असं वाटतं, आणि बरं वाटतं.

असेंब्लीत आमच्याकडे एक मावशी आहे. जवळच्याच खाडीकाठच्या गावातली, साठीला टेकलेली. कारखान्यात मला अगं-तुगं करणारी ती एकटीच. लहानपणी मिठागरात राबली, लग्नानंतर मासळी साफ करून विकली, आणि मग वीस वर्षं आमच्याकडे डबीचे भाग स्पिरिटने पुसून जुळवते आहे. एवढ्या सगळ्यात तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या. गेटवरचं हजेरीचं मशीन तिचा अंगठा घेत नाही. रोज सकाळी ती अंगठा टेकवते, मशीनमधली बाई 'प्लीज ट्राय अगेन' म्हणते, आणि मावशी तिला म्हणते, "किती ट्राय करू गो भवाने?" मग वॉचमन तिची सही वहीत घेतो. सगळ्या कारखान्याला हा रोजचा खेळ माहीत आहे.

टेस्टिंगला साताऱ्याकडचा एक माणूस होता, पस्तिशीचा. कमी बोलायचा. डबी बेंचवर लावताना तो लाल तार तीनदा बघायचा. एकदा जोडताना, एकदा नट आवळल्यावर, आणि एकदा समोरची जाड प्लास्टिकची ढाल लावायच्या आधी. कोणाला विचारायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. आपलं आपण बघायचा, मान हलवायचा आणि बटणापाशी जायचा. आठ वर्षांत त्याच्याकडून एकही जोडणी चुकली नव्हती.

त्या वर्षी बस बनवणाऱ्या एका कंपनीला आमची नवी डबी दाखवायची होती. डिझाईन माझं. सहा नमुन्यांनी त्यांच्या माणसांसमोर करंट तोडून दाखवायचा, पूर्ण व्होल्टेजवर. माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. खंडेनवमीच्या सकाळपर्यंत पाच डब्या बंद करून तयार होत्या. एक राहिली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे कोणी हत्याराला हात लावत नाही. पाने, पकडी, डाय, सगळं धुऊन पुसून मांडतात. लेथला झेंडूचा हार, वेल्डिंगच्या मशीनला हार, टेस्टिंगच्या बेंचला सगळ्यात मोठा हार. मावशी तेलात कालवलेलं ओलं कुंकू करते, कारण कोरडं लोखंडावर टिकत नाही, आणि एकेका मशीनला लावत जाते. मशीनं झाली की माणसांना. मग पेढे, आणि दुपारी सगळे घरी.

मी तिला गाठलं. "मावशी, एक डबी राहिलीये. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"आज नाय."

"अगं, परवा सकाळी माणसं येतायत."

"येवदे. मी परवा सातला येईन नि करून देईन. आज त्यांचा दिवस हाय, त्यांना हात लावाचा नाय."

"मशीनला कळतं का कुठला दिवस आहे ते?"

"मशीनला नसंल कलत. आमाला कलतं." आणि एवढं बोलून तिने ताटलीतलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. भांडण चालू असताना! मी सगळ्यांसमोर ते अंगठ्याने खसकन पुसून टाकलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही सगळे पेढे खा," म्हणाले, "काम मी करते." आणि असेंब्लीच्या खोलीत शिरले.

त्या खोलीत हातमोजे घातल्याशिवाय भागांना हात लावायचा नाही, हा नियम मीच केलेला. भिंतीवर लावलेला कागद माझ्याच सहीचा. मी हातमोजे घातले. पण आतली छोटी स्प्रिंग हातमोज्याच्या बोटांतून निसटत होती. एकदा निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजव्या हातातला मोजा मी ओढून काढला आणि कोपऱ्यात भिरकावला. उघड्या बोटांनी स्प्रिंग बसवली, डबी जुळवली, वेल्डिंग केलं, हवा काढली, हायड्रोजन भरला, गॅस भरायची तांब्याची नळी दाबून बंद केली. डबीवर सहा नंबर लिहिला. बाहेर आले तेव्हा लोक पेढे खात होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी पाच डब्या नीट गेल्या. प्रत्येक वेळी धप्प असा आवाज, पडद्यावर जाळाची एक रेघ, आणि संपलं. बसवाल्यांचे दोन साहेब माना डोलावत होते. आमचे शेठ हात चोळत होते. मी आतून फुलले होते. टेस्टिंगवाल्याने सहावी लावली. त्याने लाल तार तीनदा पाहिली. हे मी आज सांगते आहे. त्या वेळी मी साहेबांशी बोलत होते, त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

त्याने बटण दाबलं.

आवाज कानाने नाही, छातीने ऐकला. ढाल मधोमध चिरली. सिरॅमिकचे तुकडे छताच्या पत्र्यावर तडतडले. डबी नव्हतीच आता, पण जाळ होता. तारांच्या दोन उघड्या टोकांमध्ये तो हवेत उभा होता, हातभर लांब, फुत्कारत होता, आणि त्यातून वितळलेलं तांबं उडत होतं. फ्यूज जायला हवा होता, गेला नाही. एक साहेब मटकन खाली बसले. मी पुतळा झाले होते. त्या एवढ्या सगळ्यात एकच माणूस हलला, बटण दाबणारा. तो बेंचच्या बाजूने पुढे वाकला आणि जाळाच्या वीतभर शेजारचं मेनचं हँडल त्याने उजव्या हाताने खाली ओढलं. अंधार झाल्यासारखं वाटलं, इतका तो जाळ पांढरा होता.

कानात नुसती शिट्टी वाजत होती. धूर होता, जळक्या प्लास्टिकचा वास होता. मी चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला.

होय. सगळ्यांसमोर. पूर्ण ताकदीने.

"उलटी जोडलीस ना? आंधळा आहेस का रे? पाच बरोबर जोडल्यास आणि सहाव्या वेळेला झोपलास?"

त्याचं डोकं एका बाजूला झालं होतं, ते त्याने सरळ केलं. मला वाटलं उलट बोलेल. उलट बोलला असता तर मी दुसरीही मारली असती, इतकी मी तापले होते. तो फक्त म्हणाला, "मॅडम, हात." आणि उजवा हात पुढे केला. तळव्यावर हातमोजा राहिला नव्हता. जो काही राहिला होता तो कातडीत मिसळला होता, आणि दोन बोटं हँडल धरल्यासारखी वळलेली होती ती उघडत नव्हती.

त्याला वाशीला हॉस्पिटलमध्ये नेलं. मी रिपोर्ट लिहायला बसले.

मला वाटलं म्हणून लिहिलं असं नाही, मला खात्रीच होती. पाच चालल्या, सहावी फुटली, म्हणजे डिझाईन बरोबर, जोडणी चूक. जाळाने तारा फाडून टाकल्या होत्या, कुठली कुठे होती हे पाहायला काही उरलं नव्हतं. मी लिहिलं, तारा उलट जोडल्याने स्फोट. शेठना ते फार आवडलं. बसवाल्यांनाही पटलं. शेठनी ऑफिसातल्या एकाला हॉस्पिटलमध्ये पाठवलं, एक कागद आणि शाईचा पॅड देऊन, कारण त्याचा उजवा हात बँडेजमध्ये होता आणि सही करता येत नव्हती. माझ्याकडून तारा उलट जोडल्या गेल्या, एवढं एकच वाक्य होतं. ते मी सांगितलेलं. त्याखाली त्याने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. महिना संपला की त्याला काढायचं असं ठरलं.

पंधरा दिवसांनी बसवाल्यांनी फुटलेल्या तुकड्यांचे फोटो मागवले. त्यांच्या फाईलसाठी, बाकी काही नाही. तुकडे प्लास्टिकच्या एका टबात पडून होते. सकाळी आल्या आल्या मी ते टेबलावर ओतले आणि स्पिरिट लावून पुसायला घेतले. भांड्याच्या छताचा मोठा तुकडा शाबूत होता, दोन टोकांच्या मधला. त्याच्या आतल्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोळशाची काळी वाट गेली होती, फांद्या फुटलेली. मी हात थांबवला. उलट्या जोडणीत जाळ चुकीच्या बाजूला जातो, भिंत फोडतो. तो छतावर अशी वाट करत नाही. ही वाट तेव्हाच होते जेव्हा छतावर आधीपासून काहीतरी जळण्यासारखं लागलेलं असतं. तेल, ग्रीस, काहीही. बंद डबीत त्याचा कोळसा होतो, कोळशातून करंट चालतो, आणि पट्टी सुटली तरी करंट तुटत नाही.

मी तुकडा खिडकीपाशी नेला. भिंत छताला मिळते त्या कोपऱ्यात, जाळ नीट पोचला नव्हता तिथे, थोडा रंग शिल्लक होता. तांबडा, कडेला पिवळट.

कुंकू.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मावशी. डबीला यश मिळावं म्हणून म्हातारीने मशीनांबरोबर त्या भांड्यालाही आतून कुंकू लावून ठेवलं! मी तो तुकडा घेऊन असेंब्लीत गेले, दार असं ढकललं की ते भिंतीवर आपटून परत आलं. तिच्यासमोर तुकडा आदळला.

"हे काय आहे? तुझ्या भक्तीपायी एका माणसाचा हात गेला! डबीच्या आत कुंकू लावतात? अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

बाकीच्या बाया उठून भिंतीला लागल्या. मावशी बसून राहिली. तिने तुकडा उचलला, डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला. मग हातातले मोजे एकेक करून काढले, नीट घडी घातली आणि दहाही बोटं माझ्यासमोर धरली.

"बग. यात एक तरी रेग दिसते का तुला?"

मी तुकड्याकडे पाहिलं. तांबड्या डागाच्या कडेला रेषा होत्या. बारीक, गोल, एकाआड एक. अंगठ्याच्या.

"त्या गेटवरच्या मशीनला माजा आंगठा घावत नाय," ती म्हणाली, "नि ह्या डबीला कसा घावला?"

मी तुकडा उजेडाकडे वळवला.

"कुंकू मीच लावलेला. तुज्या कपालाला. तू पुसलास. मोजा काढून फेकलास तो मीच उचलला कोपऱ्यातून. सहा नंबर कोनी बंद केला, सांग ना."

माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पत्र्याने कापला होता. ठशाच्या रेषा मधेच एका आडव्या पट्टीत तुटलेल्या होत्या. निसटतं भांडं मी अंगठा आत घालून धरलं होतं, जोरात, दात-ओठ खात. मी माझा अंगठा त्या तुकड्याशेजारी धरला. स्टुलावर बसले.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुला कोन बोलनार गो बाय? तो काय बोलला नव्हता, तरी त्याला मारलास."

त्या खोलीतल्या सगळ्यांना पहिल्यापासून आठवत होतं. सहा नंबर कोणी केला हे पेढे खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. एकाने तोंड उघडलं नाही. का उघडतील? पंचवीस वर्षं मी त्यांना हेच तर शिकवलं होतं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

शेठकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट गेलाय. त्याने लिहून दिलंय. हॉस्पिटलचं सगळं आपण बघतोच आहोत ना? आता कशाला उकरताय? तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे."

"बसवाले ऑर्डर देणार नाहीत."

"नाही दिली तर नाही दिली. तो माणूस खोटा ठरलाय."

"तुम्ही जरा पाणी घ्या."

मी टेबलावर हात आपटला. टेबलावरची काच फुटली आणि माझ्या मनगटाखाली रक्त आलं. ते बघून शेठ गप्प झाले. माझ्या रागाने आयुष्यात बरंच वाटोळं केलं आहे, त्या दिवशी तेवढं एक काम केलं. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून दुसरा रिपोर्ट लिहिला आणि रुमाल बांधलेल्या हाताने पाठवून दिला. त्यात माझं नाव होतं, माझा अंगठा होता, उघडा हात होता.

मग मोसंबी घेतली आणि कोपरखैरण्याला गेले. बैठ्या घरावर मजले चढवलेले, तिसऱ्यावर त्याची खोली, बाहेरून लोखंडी जिना. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी कोण हे सांगितल्यावर तिने मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. आत तो खाटेवर बसला होता, हात उशीवर. मी दारातूनच सांगितलं. चूक माझी होती. जोडणी बरोबर होती. मी डबी घाणेरड्या हाताने बंद केली. मला माफ कर.

बायकोने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्यावरून खाली फेकली. मोसंबी पायरीपायरीवर आदळत खाली गेली, खालच्या बाईने दार उघडून वर पाहिलं.

"मारलंत तेव्हा किती माणसं होती?" बायकोने विचारलं.

"बारा-तेरा."

"मग तेवढ्याच माणसांसमोर जाऊन सांगा. माझ्या दारात येऊन हळू आवाजात काय सांगताय? ह्यांच्या आईला गावाकडं कळलंय, पोराच्या हातून चूक झाली म्हणून. पोराने सायबांची माणसं मारली असती म्हणून. तिला कोण सांगणार?"

"मी सांगते. आत्ता फोन लावा."

तिने लावला. मी जिन्यात उभी राहून, आजूबाजूची दारं उघडी असताना, मोठ्याने सांगितलं. पलीकडून म्हातारीने एवढंच विचारलं, "मग माझ्या लेकराला मारलंत का?" फोन तसाच हातात धरून मी रडले. बायकोने फोन काढून घेतला, पण दार लावलं नाही.

तेव्हा तो आतून पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, खरंच बरोबर जोडली होती?"

"हो. बरोबर होती."

"नक्की?"

"अरे, नक्की. तू तर तीनदा बघतोस."

तो हाताकडे बघत राहिला. "पहिले चार दिवस मला पण तसंच दिसायचं. डोळे मिटले की लाल तार उजवीकडं, बरोबर. पण मला वाटायचं, मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांनी इतक्या खात्रीनं मारलं, त्यांना काहीतरी दिसलं असणार. मग हळूहळू मला तार डावीकडं दिसायला लागली. आता डावीकडंच दिसते. त्या माणसानं कागद आणला तेव्हा मी खोटं म्हणून अंगठा नाही दिला, मॅडम. मला खरंच वाटलं, मीच केलं."

मी खूप मारामाऱ्या पाहिल्या आहेत, केल्याही आहेत. एवढा मार मला कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट बदलायच्या वेळी सगळ्यांना बेंचपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं, थपडेसकट. मावशीने पाण्याचा ग्लास आणून दिला. बसवाल्यांनी ऑर्डर दिली, आठ महिन्यांनी, आणखी बारा डब्यांनी त्यांच्यासमोर करंट तोडून दाखवल्यावर. त्या बाराही मावशीने केल्या. मी त्या खोलीत आता पाऊल टाकत नाही, काचेतून बघते. खंडेनवमीला मावशी मला कुंकू लावते आणि संध्याकाळपर्यंत मी कपाळाला हात लावत नाही.

राग गेला का? छे. गेल्याच महिन्यात सोसायटीत खुर्ची भिरकावली. पण तेव्हापासून माणसावर हात उचललेला नाही.

तो कामावर परत आला, पाच महिन्यांनी. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, पाना डाव्या हाताने धरतो. कामात कुठे कसर नाही. फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी तो कोणाला विचारायचा नाही. आता जोडणी झाली की तो बेंचपाशी थांबतो आणि मला हाक मारतो. मी टेबल सोडून जाते. "मॅडम, लाल तार बरोबर आहे ना?" मी वाकून बघते, बोटाने तार धरते, बरोबर आहे म्हणते. तो नट आवळतो आणि पुन्हा विचारतो. मी पुन्हा बघते. ढाल लावायच्या आधी तो तिसऱ्यांदा विचारतो. मी तिसऱ्यांदा बघते आणि सांगते, बरोबर आहे, तू बरोबर जोडली आहेस. मग तो बटणापाशी जातो.